दोन्ही पायांना पट्टा

रविवारी सकाळी नम्रता माहेरी आली, दारात वाकून चपला काढायला लागली आणि कुंदाची नजर तिच्या पायांकडे गेली. तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या डोक्यात ठाण मांडून बसली. दोन्ही चपलांना पट्टा होता.

दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण कुंदाला ती जोडी पाठ होती. दिवाळीनंतर नम्रतानं नेरळच्या बाजारात बसणाऱ्या चपलावाल्याकडून डाव्या चपलेला मागून रबरी पट्टा शिवून घेतला होता. फक्त डाव्या. डावा पाय तिला धड कळायचा नाही. साधी चप्पल पायातून निसटली तरी ही आपली तशीच पुढे जायची, आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "ओ ताई, चप्पल राहिली!" पट्टा लावल्यावर ती हसून म्हणाली होती, "उजवा पाय घरचा आहे आई, डावा पाहुणा आहे. पाहुण्याला धरून ठेवावं लागतं."

आता उजव्यालाही पट्टा.

"दोन्हीकडं लावलास होय गं?" कुंदानं जमेल तितक्या सहज विचारलं.

"एकीकडंच असला की वेंधळं दिसतं. येणारी-जाणारी माणसं विचारतात." नम्रता तिच्याकडे न बघताच आत गेली आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. पूर्वी ती आल्या आल्या मागच्या गोठ्यात म्हशीपाशी जायची. आता गोठ्याच्या दोन पायऱ्या तिला नको वाटत असाव्यात. कुंदानं तेही विचारलं नाही. दोन वर्षं विचारून विचारून तिची जीभ थकली होती.

नम्रता तिची एकुलती एक. कडावच्या भातखाचरांच्या मधोमध वाढलेली, पण चिखलात पाऊल न टाकलेली. नवरा गजानन शेती आणि दोन म्हशींचं दूध बघायचा. कुंदा लग्नाआधी कर्जतच्या कॉलेजातून बी. ए. झालेली आणि तरीही लग्नानंतर कित्येक पावसाळे लावणीला कमरेत वाकलेली. आपली पोर वाकणार नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. त्यात वेगळं काही नव्हतं. गावात घरोघरी तेच चाललं होतं. पोरी घरात, पंख्याखाली, पुस्तक घेऊन. 'उन्हाची झळ लागू दिली नाही' हे कौतुकाचं बोलणं होतं. नम्रताचं लग्न ठरताना कुंदानं ते शेलूच्या विहिणीला, गोदाबाईंना, अभिमानानं सांगितलं होतं.

गोदाबाई आडव्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्या शेताच्या जागी आता इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर त्या राहायला गेल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "आमाला तरी कुटं उन्हात न्यायचीय? शेतावर बिल्डिंग उबी ऱ्हायली. गच्चीवर कपडं वाळत घालील तेवडंच ऊन लागंल तुमच्या पोरीला. तेवडं चालंल ना इनबाय?" सगळे हसले होते. कुंदासुद्धा.

आजार आला तो डोळ्यातून. लग्नाला वर्ष झालं होतं. नम्रता फोनवर म्हणाली, "आई, डाव्या डोळ्यापुढं धूर आल्यासारखं दिसतं." कुंदा म्हणाली, "डोळे आले असतील. गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेव." आठ-पंधरा दिवसांत डोळा आपोआप बरा झाला, म्हणून तो विषयच संपला. मग चुलतबहिणीच्या, सुप्रियाच्या हळदीला सगळ्याजणी बांधावरून मांडवाकडे चालल्या होत्या. नम्रताची डावी चप्पल बांधावरच राहिली आणि ती एका पायात चप्पल घालून मांडवात शिरली. बायकांना हसायला निमित्तच मिळालं. "कुणाच्या मागं धावत आलीस गं, चपलेचं भान नाय?" नम्रताही हसली. मग तिनं खाली पाहिलं आणि तळव्यात रुतलेला काटा बघितला. काटा रुतल्याचं तिला कळलंच नव्हतं. कुंदानं तिचा चेहरा बघितला आणि तिला हसणं जमेना.

त्यानंतर तपासण्या झाल्या, त्या मोठ्या मशीनच्या बोगद्यात झोपवून मेंदूचे फोटो काढले गेले. शेवटी पनवेलच्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडतात. "उंदरानं वायरीवरचं रबर खावं तसं," ते म्हणाले. "वायर असते, पण निरोप नीट जात नाही."

"पण कशानं झालं हे?" कुंदानं विचारलं.

हा प्रश्न त्यांना प्रत्येक आई विचारत असणार. "एक कारण असं नसतं, ताई. काही गोष्टींनी शक्यता वाढते, एवढंच आम्ही सांगू शकतो. आपल्याकडं हा आजार फार दिसायचा नाही. आता दिसायला लागलाय." आणि मग ते नम्रताला एकेक विचारत गेले. लहानपणी उन्हात खेळायचीस? शाळा-कॉलेजच्या वयात मानेला गाठी येऊन लांबलेला ताप आला होता? तेव्हा वजन वाढलं होतं? रात्रपाळी केलीस? किती वयात? रंग, थिनर अशा वासात काम केलंस?

प्रत्येक प्रश्नाला नम्रता 'हो'च म्हणत होती, फक्त उन्हाच्या प्रश्नाला 'नाही'. आणि प्रत्येक उत्तराबरोबर कुंदाला एकेक आठवत गेलं. बारावीच्या वर्षी मानेला गाठी आल्या होत्या खऱ्या. गालगुंड समजून शेजारच्या अंबूबाईनं लेप लावले होते, आणि पोरगी महिनाभर ग्लानीत पडून होती. कॉलेजात असतानाच ती कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात लागली होती, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर छपाई व्हायची तिथं. रात्रपाळीला पोरी हव्या होत्या, कारण त्या नीट बघून खराब पिशव्या बाजूला काढतात. कंपनीची गाडी सकाळी कर्जतच्या चारफाट्यावर सोडायची. घरी येऊन खिडकीला चादर लावून ती दिवसभर झोपायची. तिच्या कपड्यांना शाईचा, थिनरचा गोडसर वास यायचा. लोक कुंदाला म्हणायचे, नशीब काढलंस, पोरगी कमावती झाली.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी सिगारेट, बिडी ओढतं? धूर होतो का हिच्या आसपास? याचा संबंध बराच स्पष्ट आहे, म्हणून विचारतो. झालेला आजारही त्यानं वाढू शकतो."

"नाही," नम्रता म्हणाली. "नाही," तिचा नवरा हर्षद म्हणाला. "आमच्यात कुणी बिडीला हातसुद्धा लावत नाही," कुंदा म्हणाली. तिघं एकदम बोलली. तेवढ्या एका उत्तरानं कुंदाला धीर आला होता. चला, एक तरी गोष्ट आमच्याकडं नाही.

डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. पुढं मूल हवं असेल तर होऊ शकतं, पण आधी मला सांगायचं, मग आपण ठरवू.

परत येताना हर्षदनं गाडी चालवता चालवता सांगितलं, "आईला आत्ताच नको सांगायला. ती घाबरेल, आणि घाबरली की सगळ्या बिल्डिंगला सांगेल." म्हणून शेलूच्या घरात बी-ट्वेल्व कमी आहे, एवढंच सांगितलं गेलं. कुंदा मुलीची आई. तिनं मान हलवली. हर्षद पोरगा चांगला होता. पण सांगायला जड अशी गोष्ट तो नेहमी उद्यावर टाकायचा, आणि दीड वर्षात तो उद्या काही उगवला नव्हता.

त्या दीड वर्षात कुंदा शेलूला चार-पाच वेळाच गेली, आणि प्रत्येक वेळी हॉलमधल्या सोफ्याच्या काठावर बसून परत आली. कारण मुलीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही रीत. कुंदाच्या आईनं पाळली, कुंदानंही पाळली. शिकलेल्या बायकांनाही काही रिती मोडवत नाहीत. मोडल्या तर पोरीचंच वाईट होईल, अशी धास्ती असते. बाहेरूनच पाण्याची बाटली घेऊन जायची ती. गोदाबाई तिच्या बाटलीकडे बघून म्हणायच्या, "इनबाय, तुमची ती बाटली बगून बगून मना तान लागली. आमच्या घरचं पानी कवा गोड लागायचं तुमाला?"

हसत हसतच म्हणायच्या. पण म्हणजे काय ते हॉलमधल्या सगळ्यांना कळायचं, आणि सगळ्यात जास्त कळायचं ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या नम्रताला.

रविवारी जेवणं झाल्यावर कुंदा म्हणाली, "बस, डोक्याला तेल लावते." नम्रता तिच्या पायांशी बसली. कुंदानं वेणी सोडली आणि केसांतून जळका, कडवट वास आला. बिडीसारखा, पण बिडीचा नव्हे.

कुंदानं वाकून पुन्हा हुंगलं. "हर्षद सिगारेट ओढायला लागला का गं?"

"छे गं. काहीतरीच."

"मग हा वास कसला?"

नम्रतानं स्वतःच्या केसांची बट पुढे ओढून हुंगली आणि हसली. "अगं, मशेरी. सकाळी भाजून आले. आईंना दुकानातली चालत नाही. तव्यावर तंबाखू घालून काळी होईपर्यंत भाजायची. माझ्यासारखी कुणाला जमत नाही म्हणतात. शेजारच्या दोघीजणी पण आणून देतात भाजायला."

"कुठं भाजतेस?"

"कुठं म्हणजे? गॅसवर. खिडकी लावून घ्यावी लागते, नाहीतर समोरच्या बिल्डिंगमधले भांडायला येतात."

तेलाची वाटी कुंदाच्या मांडीवर तशीच राहिली. त्या दिवशी डॉक्टरांसमोर तिघांनीही खोटं सांगितलं नव्हतं. ओढणं म्हणजे सिगारेट, बिडी. पुरुषांनी नाक्यावर, बायकांच्या माघारी करायची गोष्ट. मशेरी म्हणजे दात घासायची. ती कुणी ओढत नाही. तिचा धूर कुणाला धूर वाटतच नव्हता.

"किती वेळा भाजतेस?"

"संपली की. झालं काय तुला?"

"डॉक्टरांनी धुराचं विचारलं होतं, नमू."

नम्रता हळूच म्हणाली, "हे लक्षातच नाही आलं गं." आणि थोड्या वेळानं, "पण आता आईंना काय सांगू? भाजणार नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. बी-ट्वेल्वला मशेरी चालत नाही म्हणू?"

दोघींना हसू आलं. हसता हसताच कुंदानं विचारलं, "उजवा पायही पाहुणा झालाय ना गं?"

नम्रतानं डोकं तिच्या गुडघ्याला टेकलं. "अजून नाही. येतो-जातो. दुपारी घर तापलं की जास्त. वर स्लॅबच आहे ना." मग एका दमात म्हणाली, "आई, मी पुढच्या आठवड्यापासून गोळ्या बंद करणार आहे. एक मूल होऊ दे. मग परत सुरू करीन."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं की थांब म्हणतील. किती थांबू? रोज त्या पाण्याचा विषय निघतो. तू आलीस की निघतो, नाही आलीस तरी निघतो. मला कंटाळा आलाय आई. आजाराचा नाही एवढा. लपवायचा कंटाळा आलाय."

कुंदाला ओरडावंसं वाटलं. उजवा पायही कळेनासा होतोय आणि ही गोळ्या बंद करायचं म्हणते. पण ओरडायला लागणारी ताकदच तिच्यात उरली नव्हती. ती तेल लावत राहिली.

"मग सांगून टाक त्यांना."

"तू सांग म्हणून मी कधीच म्हणणार नाही. माझं आहे, मीच सांगेन. पण एकटीला नाही जमत. हर्षद बाजूला बसला तरी टीव्ही बघत बसतो." नम्रता वळून तिच्याकडे बघत म्हणाली, "तू समोर बसली असतीस तर सांगितलं असतं. पण तू बसतेस कुठं? तुझी बाटली संपली की उठतेस."

संध्याकाळी ती टमटमनं निघाली. बसण्याआधी तिनं वाकून दोन्ही पट्टे टाचेवर चढवले. आधी डावा, मग उजवा.

सोमवारी कुंदाचं कामात लक्ष नव्हतं. दूध घातलं, भांडी घासली, धुतलेलीच परत धुतली. मनात तीच जुनी रांग फिरत होती. तो ताप, ती सावली, ती रात्रपाळी, तो थिनरचा वास, आणि आता मशेरी. दोन वर्षं ती असंच एकेक पुढं घेऊन बघत होती, जणू त्यातलं एक सापडलं की त्याला धरून जाब विचारता येईल. आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचा तो शब्द आडवा यायचा, शक्यता. शक्यतेशी भांडता येत नाही. त्याच कारखान्यात नम्रताबरोबर लागलेली संजना ठणठणीत होती, दोन लेकरांच्या मागे धावत होती. तिच्याही मानेला गाठी आल्या असतील, कुणी सांगावं. तीही सावलीतच वाढली होती. मग माझीच का, इथं येऊन कुंदा दर वेळी थांबायची. पुढं वाटच नसायची.

दुपारी गजानन चिखलानं माखून आला. खालच्या खाचराचा बांध रात्री फुटला होता आणि लावलेल्या भातातलं पाणी ओढ्याला चाललं होतं.

"सापडलं का बीळ?" कुंदानं विचारलं. बांध फुटतो तो खेकड्यांच्या बिळांनी.

"एक असंल तर सापडंल. चार-पाच होती. सगली बुजवली."

"फुटला कुठल्यानं?"

"ता खेकड्याला इचार." तो हातपाय धुवायला मोरीकडे गेला. "चा ठेव गं वाईच."

कुंदानं चहा ठेवला. आधण उकळेपर्यंत ती ओट्याला टेकून उभी राहिली. बारावीचा ताप आता बुजवता येणार नव्हता. रात्रपाळ्या होऊन गेल्या होत्या. ऊन परत मागं जाऊन लावता येणार नव्हतं. पण तवा होता, बंद खिडकी होती, पुढच्या आठवड्यात बंद होणाऱ्या गोळ्या होत्या. मशेरी थांबली म्हणजे पाय परत येईल, असं डॉक्टरही म्हणणार नाहीत. पण हे सगळं ज्या एका न सांगितलेल्या नावापायी चाललं होतं, ते नाव सांगायला नम्रता तयार होती. तिला फक्त समोर कुणीतरी बसायला हवं होतं.

समोर बसायचं म्हणजे घोटभर पाणी पिऊन उठायचं नाही. जेवायलाच बसायचं. माणूस ताटावर असला की कुणी त्याला उठवत नाही, आणि ताटावर बसलेल्या विहिणीसमोर गोदाबाई आवाज चढवणार नाहीत. त्यांचा तोंडाळपणा कुंदाला माहीत होता, तसं हेही माहीत होतं. सुप्रियाच्या हळदीला त्याही आल्या होत्या, आणि नम्रताच्या तळव्यातला काटा त्यांनीच काढला होता. आपल्या मांडीवर पाय घेऊन, कुणाला हात लावू न देता.

रीत मोडेल. तिची आई असती तर म्हणाली असती, मूल नाही तर अन्न नाही. कुंदाला वाटलं, असेना का. नातवाची वाट बघत त्या घरात उपाशी बसायचं, आणि त्या उपासापायी पोरीनं गोळ्या टाकायच्या. हा कसला उपास? पोर आहे त्या घरात. माझी पोर आहे. तेवढं पुरे आहे जेवायला.

भीती गेली नव्हती. गोदाबाई म्हणू शकत होत्या, आमाला फसवलंत. म्हणू शकत होत्या, तुमच्याच घरून आलं हे. म्हणू शकत होत्या, घेऊन जा. हे सगळं कुंदानं कित्येकदा मनात ऐकलं होतं आणि ऐकून ऐकून त्याची धारही बोथट झाली होती. थकव्याचा एवढा तरी उपयोग.

तिनं चहा गाळून गजाननच्या पुढे ठेवला. "उद्या शेलूला जाते. जेवायला."

तो बशी तोंडाशी नेता नेता थांबला. "जेवायला? नमूकडं?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज उतरला. "गोड बातमी नाय ना."

"नाही."

त्यानं बशी खाली ठेवली. "मी पन येतू. बापानं काय पाप केलंय?"

कुंदा मागच्या पडवीत आली. आधी नम्रताला मेसेज केला, 'उद्या जेवायला येतोय. दोघंही. समोर बसतो.' उत्तराची वाट बघत ती उभी राहिली. थोड्या वेळानं आलं, 'बरं.' आणि त्याच्यामागून, 'भाकरी मी करीन. तू आईंना फोन कर.'

गोदाबाईंचा नंबर तिच्या फोनमध्ये 'इनबाय शेलू' म्हणून होता. जेवायला येते म्हटल्याबरोबर त्या काय ओरडतील ते कुंदाला आत्ताच ऐकू येत होतं. आग बाय! गोड बातमी हाय का काय? कुंदानं मनात उत्तर जुळवून ठेवलं. बातमी आहे इनबाय, पण गोड नाही. नम्रता सांगेल, जेवताना. तोवर कुणाला काही बोलू नका. आणि माझ्यासाठी वेगळं पाणी ठेवू नका, तुम्ही पिता तेच पिईन.

तिनं ते एकदा हळू आवाजात म्हणून बघितलं. मग नंबर लावला.